अट मोडली की 'दुसऱ्या दिवशी आत'? कोणत्या तालुक्यात भो?

गिरणाकाठ
काल इथे एका जाणकाराने लिहिलं, "जामीन म्हणजे सुटका नव्हे. एक अट मोडली की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा आत." त्याखाली अंगठ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या चुलतभावावर मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांधाच्या वादातून कोयता चालला. डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा, नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे जुनं ३०७. साडेतीन महिन्यांनी सेशन कोर्टाने आरोपीला जामीन दिला. अटी अशा: खटला संपेपर्यंत तालुक्यात पाय ठेवायचा नाही, दर रविवारी शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. नवव्या दिवशी हा गडी आमच्या स्टँडवरच्या रसवंतीत पाय पसरून बसलेला. महिनाभरात वाढदिवसाचा बॅनर लागला, 'वाघ परतला', खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. त्यातले दोघे आमचे साक्षीदार.

ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "गुन्हा कोणता नोंदवू? कोर्टात अर्ज द्या." मला वाटलं, टाळताहेत. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, बरोबर बोलले. तारखेला हजरच झाला नाही तर न्याय संहितेचं २६९ लागतं, वर्षापर्यंत कैद. तालुक्यात येऊन रस प्यायला तर स्वतंत्र गुन्हा नाही. जामीन रद्द करण्याचा अर्ज करायचा, बस. रसवंतीत त्याचा फोटो कोणी काढायचा? आम्ही. तारीख-वेळ कोणी सिद्ध करायची? आम्ही. अर्जाला सहा तारखा झाल्या. तीन आरोपीच्या वकिलाने म्हणणं द्यायला खाल्ल्या, एकदा साहेब रजेवर, एकदा तपासी अंमलदार बंदोबस्ताला, एकदा कशासाठी पुढे गेली ते रोजनाम्यातच वाचा.

आता गंमत बघा. प्रांताने तडीपार केलेला माणूस हद्दीत दिसला तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १४२ खाली त्याच दिवशी उचलतात, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे प्रांतसाहेबांच्या कागदाला जी धार आहे ती सेशन जज्जांच्या कागदाला नाही. अट मोडणं हाच गुन्हा करा, एवढं साधं आहे. का होत नाही, कोणीतरी समजावून सांगा.

केळीबाग
समजावतो. आधी ते तडीपारीचं कौतुक थांबव. तडीपार झालेले निम्मे लोक रात्री आपापल्या घरात झोपतात, गावात सगळ्यांना माहीत असतं.

आता माझं ऐक. २०१९ ला माझ्या थोरल्या भावाचं नाव ३०७ मध्ये घातलं. एकूण अकरा नावं, कारण फिर्यादीला अख्खं घर अडकवायचं होतं. जामीन मिळाला, अट हीच, तालुक्याबाहेर राहा. आम्ही रावेरकडचे, बाग कापणीला आलेली, भाऊ मात्र बऱ्हाणपूरला मामाच्या ओट्यावर बसलेला. त्यात आई गेली. परवानगीचा अर्ज करायचा तर शनिवार संध्याकाळ. भाऊ रात्री आला, पहाटे अग्नी दिला, सावडायलाही थांबला नाही. तिसऱ्या दिवशी स्मशानातला व्हिडिओ जोडून समोरच्याने जामीन रद्दचा अर्ज टाकला. चार महिने तारखा, वकिलाचे चाळीस हजार. अर्ज फेटाळला गेला. २०२२ ला भाऊ निर्दोष सुटला.

तुझा कायदा असता तर मूळ गुन्ह्यात निर्दोष आणि आईला अग्नी दिल्याबद्दल दोषी. हे साधं आहे का?

गिरणाकाठ
आईचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आमच्या रसवंतीत कोणाची आई वारली होती?

केळीबाग
कायदा रसवंतीला वेगळा आणि स्मशानाला वेगळा लिहिता येतो का? येत असेल तर लिहून दाखव.

शेवभाजी
दोघं बसा एका ताटात, मी तर्री वाढतो 😂

बाररूमचा कोपरा
दोघंही अर्धं सांगू राहिले. अट मोडणं हा गुन्हा नाही, बरोबर. पण म्हणून 'काहीच होत नाही' हेही खरं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, ४८३(३) खाली, जुनं ४३९(२), सेशन कोर्ट किंवा हायकोर्ट जामिनावरच्या माणसाला अटक करून आत टाकायला सांगू शकतं. अर्ज फिर्यादीही करू शकतो. अडचण निकषाची आहे. दौलतराम निकालापासून सुप्रीम कोर्ट सांगत आलंय की जामीन नाकारणं वेगळं आणि दिलेला काढून घेणं वेगळं. काढून घ्यायला ठोस, जबर कारण लागतं. साक्षीदारांवर दबाव, पळून जाण्याची तयारी, सवलतीचा गैरवापर, असलं काही. नुसतं 'हद्दीत दिसला' एवढ्यावर बरेच न्यायाधीश समज देऊन सोडतात.

गिरणाकाठ, तुमच्या अर्जात रसवंतीचा फोटो वर आहे आणि बॅनर खाली, असं मी समजतो. उलटं करा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका बलात्काराच्या प्रकरणात आरोपी सुटल्यावर स्वागताचे 'भैया इज बॅक' पोस्टर लागले होते. सुप्रीम कोर्टाने ते पोस्टर लक्षात घेऊन जामीन रद्द केला. तुमच्या बॅनरवर तर साक्षीदारांचे फोटो आहेत. रस प्यायल्यापेक्षा ते कितीतरी गंभीर. आणि तुमचं म्हणणं ऐकायला कोणी टाळाटाळ केली तर लखीमपूर खीरीचा एप्रिल २०२२ चा निकाल दाखवा. पीडिताला जामिनाच्या टप्प्यावरही ऐकून घ्यायचा हक्क आहे.

शेवटचं. साक्षीदाराला खोटं बोल म्हणून धमकावलं तर न्याय संहितेचं २३२ आहे, सात वर्षांपर्यंत. दखलपात्र. एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती घेऊन घरी जाऊ नका.

आखाजी
दादा, हे आम्हाला कोणी सांगायचं होतं? माझ्या धाकट्या बहिणीला नवऱ्याने पेटवायचा प्रयत्न केला. वाचली, मान आणि खांदा गेला. त्याला जामीन. आदेशात स्वच्छ लिहिलेलं, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क करायचा नाही. याने फोन केला नाही. त्याच्या आतेभावाने केला, मावशीने केला, गावच्या एका पुढाऱ्याने 'मिटवून घ्या, पोरीचं वय आहे' म्हणून माणूस पाठवला. दर वेळी ठाण्यात गेलो, दर वेळी एनसी. माझ्या पर्समध्ये अजून पाच पावत्या आहेत. साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ पासून आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा असतो, हे मी स्वतः वाचून शोधलं. ठाण्यात विचारलं तर साहेबांनी मलाच विचारलं, "कोणती योजना, ताई?"

शेवटी जामीन रद्द झाला. तोवर शेजारच्या दोघी कोर्टात उभ्या राहून फितूर झाल्या होत्या. म्हणजे अट मोडून जे साधायचं ते साधून झालं, मग शिक्षा. केळीबाग भाऊ, तुमची आई गेली ते मान्य. माझी बहीण रोज त्याच रस्त्याने दवाखान्यात जायची.

केळीबाग
ताई, तुमच्याशी मी वाद घालत नाही.

गिरणाकाठ
माझ्याशी घालतोस ना? तिचा मुद्दा आणि माझा मुद्दा एकच आहे.

पांढरं सोनं
अट मोडणाऱ्याला काही होत नाही यावर भांडताय. होतं ना, जामीनदाराला होतं!

माझ्या बापाने सालदाराच्या पोरासाठी सातबारा दिला. पन्नास हजारांची जामीनकी. सालदार बावीस वर्षं आमच्याकडे, त्याच्या बायकोने पाय धरले, बाप विरघळला. तीन तारखांनंतर पोरगा सुरतेला पळाला. सुरतेत आपल्या खान्देशातला माणूस शोधायचा म्हणजे कापसाच्या गाठीत सुई. त्याच्यावर वॉरंट, बापाला नोटीस, 'बंधपत्राची रक्कम का वसूल करू नये?' नंतर बेलीफ येऊन ट्रॅक्टरचा नंबर लिहून गेला. दारासमोर. बापाने दोन दिवस भाकरीचा तुकडा तोडला नाही. पोराला हुडकायला सुरतेच्या सहा खेपा झाल्या. खटला संपला, पोरगा सध्या लग्न करून सुखात आहे, आणि आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच. तलाठी म्हणतो कोर्टाचं पत्र आणा, कोर्टातला बाबू म्हणतो पाठवलं.

शेवभाजी
सही करताना बापाने वाचलं नव्हतं का?

पांढरं सोनं
बापापर्यंत जाऊ नको. तुझं इथे काय काम आहे? प्रत्येक धाग्यावर येऊन दात काढतोस.

शेवभाजी
विचारलं फक्त. सही केली की जबाबदारी आली, बँकेतही हेच असतं.

पांढरं सोनं
बँकेत सालदाराची बायको पाय धरते का?

बाररूमचा कोपरा
शांत व्हा. त्याच सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ खाली कोर्ट रकमेतला काही भाग माफ करू शकतं, तसा अर्ज केला होता का? आणि पोरगा तारखा चुकवायला लागला त्याच दिवशी ४८९ खाली 'मला जामीनकीतून मोकळं करा' म्हणायला हवं होतं. लोक नोटीस येईपर्यंत थांबतात, मग रडतात.

पांढरं सोनं
वीस हजारांवर आणलं होतं, धन्यवाद. बाकी हे शहाणपण सही घेताना कोणी सांगत नाही. आणि कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली जे भाड्याचे जामीनदार बसतात, त्यांच्याकडे जातो का कधी बेलीफ? एकच सातबारा किती जणांना जामीन राहतो, झेरॉक्सवाल्याला विचारा. खऱ्या माणसाचा ट्रॅक्टर जातो, खोट्याचा पत्ताच सापडत नाही.

केळीबाग
हे मात्र शंभर टक्के. आमच्या भावाला जामीन मंजूर होऊनही एकोणीस दिवस आत काढावे लागले, कारण गावातला एक माणूस सातबारा द्यायला तयार नव्हता. समोरच्याची भीती.

बाररूमचा कोपरा
त्यासाठी सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय, महिन्यात जामीनदार भरता आला नाही तर कोर्टाने आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे, म्हणजे खटला न संपलेले कैदी आहेत. २०२२ चा सरकारी आकडाच ७५.८ टक्के आहे. अट मोडणं गुन्हा केलात तर ही संख्या कुठे जाईल, गिरणाकाठ?

गिरणाकाठ
हा धागा हल्ल्यांतल्या आरोपींबद्दल होता. जामीनदार, ट्रॅक्टर, तलाठी, सगळं झालं. कोयता खाल्लेल्या माणसाचं कोणी बोलेल का?

पांढरं सोनं
तुझ्या भावाच्या आरोपीला कोण जामीन राहिला ते बघ. त्याला जाऊन सांग, हा अट मोडतोय, उद्या तुझं बंधपत्र जप्त होईल. बघ रसवंती सुटते का नाही.

गिरणाकाठ
त्याचा सासरा आहे. बॅनरवर तिसरा फोटो त्याचाच.

पारोळा ते टोरांटो
इथे कॅनडात तुम्ही म्हणता ते आहे. जामिनाची अट मोडणं हा फौजदारी संहितेच्या कलम १४५ खाली स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. पोलीस 'अर्ज द्या' म्हणत नाहीत.

गिरणाकाठ
हेच तर सांगू राहिलो!

पारोळा ते टोरांटो
पूर्ण वाचा भाऊ. मूळ गुन्हा किरकोळ, पण दारू प्यायला, रात्री उशिरा घरी आला, पत्ता बदलला, असल्या गुन्ह्यांच्या चळती लागल्या. बेघर आणि व्यसनी लोक त्यातच फिरत राहिले. शेवटी २०१९ मध्ये कायदा बदलून असली किरकोळ प्रकरणं नव्याने आरोप न ठेवता न्यायाधीशापुढे मिटवायची सोय करावी लागली.

केळीबाग
हेच तर सांगू राहिलो!

शेवभाजी
आरोपीच्या पायात जीपीएस घाला ना, संपला विषय.

बाररूमचा कोपरा
८ जुलै २०२४ चा निकाल वाच. आरोपीने गूगल मॅपवर पिन टाकून तपासी अंमलदाराला सतत ठिकाण दाखवायचं, ही अटच सुप्रीम कोर्टाने खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केली. आणि धडगाव-तोरणमाळकडे फोन लागायला टेकडी चढावी लागते, तिथे तुझं जीपीएस काय करणार?

आखाजी
खासगीपणा आरोपीचा. बहिणीने दोनदा नंबर बदलला, एकदा घर बदललं. तिच्यावर कोणती अट होती?

केळीबाग
ताईंच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गिरणाकाठ, तुला एक विचारतो. गुन्हा नको, पण जामीन रद्दच्या अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लागलाच पाहिजे आणि तोवर पोलिसांनी स्वतः हजेरीची वही आणि हद्दीचा अहवाल कोर्टात द्यायचा, असं म्हटलं तर? माझा भाऊही चार महिने लटकला नसता.

गिरणाकाठ
पंधरा दिवस! तुझ्या तोंडात केळ्याचा शिरा. बरं, गुन्ह्याचा हट्ट अर्धा सोडतो. हल्ल्याच्या, बलात्काराच्या आणि पेटवापेटवीच्या प्रकरणांत साक्षीदाराजवळ जाणं तरी गुन्हा करा. तालुक्याचं राहू दे, तुझ्या आईसाठी.

केळीबाग
'तुझ्या आईसाठी' म्हणून टोमणा मारायची गरज नव्हती.

गिरणाकाठ
टोमणा नव्हता. कोपऱ्यातल्या वकीलसाहेब, बॅनरचा फोटो आधीच काढून ठेवलाय, पण फ्लेक्स उतरवला त्यांनी. मोबाइलमधला चालेल का?

बाररूमचा कोपरा
चालेल. साक्ष अधिनियमाच्या ६३ चं प्रमाणपत्र जोडा, जुनं ६५ ब. ज्याच्या फोनमध्ये फोटो आहे त्याचं, आणि तज्ज्ञाचंही. फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. आणि त्या दोन साक्षीदारांना 'फोटो कोणाच्या सांगण्यावरून टाकला' हे आत्ताच विचारायला जाऊ नका, नाहीतर दबावाचा आरोप तुमच्यावर येईल.

गिरणाकाठ
म्हणजे त्यांच्याजवळ जायला मलाच बंदी. वा.

नवीन सदस्य
नमस्कार मंडळी. वरचं सगळं वाचलं नाही. धुळे कोर्टात सातबारावाला जामीनदार मिळेल का? मेव्हण्याचं मारामारीचं मॅटर आहे, पोरगा सरळ आहे, तारखा चुकवणार नाही.

पांढरं सोनं
सुरतेला नातेवाईक आहेत का त्याचे?