मदत प्रवेशानंतर मागायची?

अमेरिकेतल्या कॉलेजात शिकायला जाणाऱ्यांना आर्थिक मदतीबाबत एक सल्ला दिला जातो: "आधी अर्जात मदत नको म्हणा, प्रवेश मिळाला की मागा." तो कृपा करून कुणी पाळू नका. स्टॅनफर्डमध्ये परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. मदत मागितल्याने प्रवेशाची संधी घटते, हे बऱ्याच कॉलेजांबाबत खरं आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट मात्र निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत. तिथे मुळात प्रवेशच दुर्मिळ, ते सोडा.

आपली गोंयकारांची खरी गंमत सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा कॉलेजांचा अर्ज, भरताना होते. इथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे आयकरात पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं होऊन रिटर्नमध्ये येतं. म्हापशातल्या दुकानाचं भाडं बाबांच्या रिटर्नमध्ये अर्धंच दिसणार. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला हे कुठून कळावं? त्याला वाटेल, लपवाछपवी आहे. म्हणून आईचं रिटर्नही जोडा आणि खुलाशाच्या जागेत हा कायदा चार ओळींत समजावा. वडिलोपार्जित घर साऱ्या भावंडांच्या नावावर असेल, तर फक्त आपला हिस्सा दाखवा. नाहीतर कागदावर उगाच भाटकार, म्हणजे बडे जमीनदार, ठराल!

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोंयकारांना: मदतीपुरता त्याचा उपयोग शून्य, तिथे युरोपीयही परदेशीच. फाफ्सा या अमेरिकी सरकारी मदतीच्या अर्जाच्या वाटेलाही जाऊ नका, तो मुख्यतः अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे.