चारचौघांत आपण कसे वागतो? तुमचे अनुभव लिहा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे वाईट आहे असं मनातून वाटणारी माणसं आधीही होतीच. पण दारात भावकी जमलेली असताना एकट्याने 'थांबा' म्हणायचं कसं? ठरावामुळे 'गावाचं ठरलंय' एवढं म्हणायची सोय झाली.

म्हणून हा धागा. चार माणसांमुळे तुमचं किंवा जवळच्या कोणाचं वागणं कुठे बदललं, बऱ्याकडे असो की वाईटाकडे, ते लिहा. नुसती मतं नकोत, घडलेलं सांगा. सुरुवात मी करते.

आमच्या आळीतल्या एका काकूंना त्यांचे यजमान गेल्यापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं जायचं बंद झालं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझं काही नाही गं, पण बाकीच्यांना चालायचं नाही." मग मी बाकीच्यांना एकेकीला गाठून विचारलं. प्रत्येकीचं उत्तर हेच! ज्यांना चालत नाही त्या बाकीच्या कोण, ते काही सापडेना. पुढच्या संक्रांतीला सासूबाई स्वतः जाऊन काकूंना घेऊन आल्या, सगळ्यांदेखत त्यांना कुंकू लावलं, वाण दिलं. आळीतल्या सगळ्यांत सोवळ्या आजी उठल्या तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आजींनी काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे उद्या आहे, ये हो." त्यानंतर काकूंना कोणाच्याच घरचं बोलावणं चुकलेलं नाही.

डोंबिवलीहून
सकाळच्या फास्ट लोकलचा आमचा ग्रुप आहे. ज्याला बसायला मिळालं तो अर्ध्या वाटेत उठतो आणि उभ्या असलेल्याला जागा देतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण नवा माणूस आपोआप शिकतो. दसऱ्याला डब्याला तोरण बांधतो, कोणी आजारी पडलं तर वर्गणी काढतो. आणि हीच माणसं तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकलेल्या एखाद्या अनोळखी माणसावर एकसाथ ओरडतात. एकेकटे भेटले तर अगदी सौम्य आहेत सगळे. ग्रुपची माया खरी आहे, पण ती ग्रुपपुरतीच राहते, हे मला सलतं.

परभणी जिल्ह्यातून, बचत गट
गटाच्या बैठकीत मी पहिल्यांदा माझं नाव पूर्ण सांगितलं. तोवर मी अमक्याची आई होते. आमचे हप्ते चुकत नाहीत ते बँकेच्या साहेबांना भिऊन नव्हे. पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात आणि त्याच बायका रोज नळावर भेटतात, म्हणून. या लाजेचा जाचही होतो. एकीने दवाखान्याच्या महिन्यात हप्त्यासाठी शेळी विकली, कोणाला बोलली नाही. कळल्यावर सगळ्यांना वाईट वाटलं. पुढच्या बैठकीत सचिवबाईंनी ठराव लिहून घेतला: घरात दुखणं असेल तर त्या महिन्याचा हप्ता गटाच्या बचतीतून भरायचा, तिने जमेल तसा परत करायचा. खोटं दुखणं सांगून कोणी फायदा घेईल, अशी भीती घातली होती काही जणींनी. आजवर एकीनेही घेतलेला नाही.

पुण्याहून, वारकरी
माऊलींच्या पालखी तळावरची समाजआरती पाहा. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, आणि चोपदार तिची तक्रार ऐकून घेतात. एवढ्या शिस्तीत न थांबण्याचीही रीत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. कंपनीत बैठक संपवताना मी आता विचारतो, "कोणाचे टाळ अजून वाजतायत?" गप्प बसणारी मुलं बोलायला लागली आहेत.

जर्मनीहून
इथे रस्ता रिकामा असला तरी पादचारी लाल दिव्याला थांबतात, विशेषतः शेजारी लहान मूल असेल तर. पुण्यात सिग्नल न पाळणारे माझे मित्रही इथे पहिल्या आठवड्यापासून थांबतात. सुट्टीत पुण्याला गेले की पुन्हा पहिल्यासारखे!

नाशिकहून, मानसशास्त्र शिकवते
हळदीकुंकवाचा अनुभव वाचून सॉलोमन अ‍ॅश यांचा १९५० च्या दशकातला प्रयोग आठवला. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं होतं. आधी ठरवून बसवलेली माणसं मुद्दाम चुकीचं उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांचीच री ओढली. पण ठरवून बसवलेल्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी री ओढणं खूप कमी व्हायचं. तुमच्या सासूबाईंनी आळीत तेच काम केलं.

जालना जिल्ह्यातून
आमच्या भावकीत तेराव्याच्या जेवणासाठी माणसं कर्ज काढतात. खासगीत सगळे म्हणतात, बंद व्हायला पाहिजे. ग्रामसभेत विषय मांडावा की आधी घरोघर जावं?

धागाकर्ती
दादा, आधी घरोघर जा, आणि सुरुवात ज्यांचा शब्द भावकीत चालतो त्या म्हाताऱ्यांपासून करा. 'तुमचं स्वतःचं मत काय' एवढंच विचारा, लोकांचं काय ते विचारू नका. दोघं-तिघं तयार झाले की मग ग्रामसभा. काय झालं ते इथे नक्की कळवा.