बडोद्याला ऊब नको, गारवा हवा

काही जण विचारतात की घरं उबदार ठेवायला कोपनहेगनसारखं गरम पाण्याच्या पाइपांचं सामाईक जाळं बडोद्याच्या मांडवी-रावपुऱ्यात का नको. अहो, तिकडे घरं निम्मं वर्ष तापवावी लागतात. आपल्याकडे संक्रांतीला स्वेटर निघतो आणि आठवड्यात परत ट्रंकेत जातो! पाइप पुरायचा खर्च कोण भरून काढणार?

तेच जाळं गार पाण्याचं करा, मग बोलू. लांब कुठे जायला नको, गांधीनगरजवळ गिफ्ट सिटी या नव्या व्यापारी वसाहतीत ते चालू आहे. एका ठिकाणी मोठे चिलर, म्हणजे पाणी गार करणारी यंत्रं, तिथून साधारण ६ अंशांचं पाणी इमारतींत जातं, उष्णता घेऊन परत येतं. सगळ्यांची गरज एकाच वेळी शिगेला जात नसल्याने एकूण यंत्रं कमी क्षमतेची पुरतात.

आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीत मे महिन्यात दुपारी चालून बघा. दोन्ही बाजूंच्या एसींची गरम फुंकर तोंडावर, वरून स्कूटरच्या सीटवर टपटप पाणी. पण खरी अडचण इथेच आहे: स्प्लिट एसीच्या घरांत गार पाणी खेळवायचे पाइपच नसतात. म्हणून सुरुवात सयाजी रुग्णालयासारख्या मोठ्या, दिवसरात्र चालणाऱ्या गिऱ्हाइकापासून करावी. वाडे नंतर बघू.