मदत हवी आहे: शिराजसोबत शाकाहारी चीज कोणतं?

शनिवारी घरी आठ जण येणार आहेत, जेवणाआधी साधा चीज बोर्ड ठेवायचाय. वाइन नाशिकचीच: थंडगार शेनिन ब्लाँ (पांढरी) आणि शिराज (लाल). शेनिनचं जमलं, खारट फेटा तिच्याबरोबर फारच सुरेख लागतं. अडलंय ते शिराजपाशी. ब्री खाऊन पाहिलं, घोटानंतर जिभेवर कडवटपणा राहतो. पार्मेजान जमलं असतं, पण त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (चीज करताना दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं आणि दोघं पक्के शाकाहारी आहेत. ब्लू चीज कुणालाच आवडत नाही. सोबत सुके अंजीर, भाजलेले बदाम, साधी बिस्किटं आहेत.

पुण्यात सहज मिळणारं, शाकाहारी रेनेटचं, शिराजला पेलेल असं मुरलेलं चीज कोणतं? आणि या उकाड्यात ते फ्रीजबाहेर किती आधी काढावं?