वाघोलीजवळ प्लॉटिंग : आतला रस्ता ९ मीटर पुरेल का?

बांधावरचा: ६,००० चौ.मी. जमीन, काळी माती. आतला रस्ता १४० मीटर, टोक बंद. रुंदी किती धरू, थर कसे टाकू?

नकाशेवाला: डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद रस्ता चालतो. मोजणीत लांबी वाढली की थेट १२. क्षेत्र ४,००० च्या वर, म्हणून १० टक्के, म्हणजे ६०० चौ.मी. मोकळी जागा सोडावी लागेल. रस्त्यात १,२६० जातात. बंद टोकाला वळणाची जागा वेगळी धरा, अग्निशमन बंबाला ९ मीटर वळणत्रिज्या लागते. प्लॉट विकून झाल्यावर ती जागा कुठून आणणार?

मुरूम: खरी गोची काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग कडेने लांबच लांब भेगा पडतात. वरची अर्धा मीटर माती काढा, चांगला मुरूम २०० मिमीच्या थरांनी, पाणी मारून, प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९७ टक्क्यांपर्यंत दाबा. त्यावर जीएसबी (पाणी निचरणारा खडी-मुरमाचा थर), डब्ल्यूएमएम (पाणी घालून कालवलेल्या खडीचा थर), शेवटी डांबर. मधून कडेला आडवा उतार २.५ टक्के. मुरूम गटाराच्या भिंतीपर्यंत न्या. कडेला माती ठेवली तर पाणी तिथूनच आत शिरतं.

बांधावरचा: ड्रेनेज नंतर टाकलं तर?

मुरूम: नको! नंतर खणलेला चर नीट दाबला जात नाही, पहिल्याच पावसात खचतो. १५० मिमीची लाइन १:१०० उताराने टाकली तर १४० मीटरला १.४ मीटर खाली जाते. म्हणून ही लाइन जिथे जोडायची त्या बाहेरच्या ड्रेनेज चेंबरची पातळी आधी मोजा, रस्त्याची नंतर ठरवा. केबलसाठी रस्त्याखालून आडवे रिकामे पाइपही आत्ताच पुरा.