पैशांसाठी फ्लोट वापरणं हा गुन्हा आहे का?

पैपैचा_हिशेब: माझ्या मते आहे. फ्लोट म्हणजे दशांश संख्या बायनरीत (० आणि १ मध्ये) साठवायचा प्रकार, त्यात बऱ्याच संख्या अंदाजेच बसतात. सोसायटीच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय. दर चौरस फुटाला ४.३५ रुपये. रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं आणि इंट (इंटिजर, म्हणजे पूर्णांक) केलं, दशांशानंतरचं सगळं गळालं. ४.३५ बायनरीत नेमका मावत नाही, त्यामुळे गुणाकार आला ४३४.९९९९९९९९९९९९९४ आणि हातात उरले ४३४ पैसे. ६०० फुटांच्या फ्लॅटला २६१० ऐवजी २६०४. असे १२० फ्लॅट, म्हणजे महिन्याला ७२० रुपये गायब. पकडलं कोणी? खजिनदार काकांनी, साध्या कॅल्क्युलेटरवर. फ्लोट हद्दपार करा!

जुना_खोडरबर: चूक तुमची, बदनामी फ्लोटची. राउंड न करता शेपूट छाटलीत. डबलमध्ये (नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) १५ अंक खात्रीचे असतात, सोसायटीला किती लागतात? एक्सेल डबलवरच चालतं आणि निम्म्या गावाचे हिशेब एक्सेलमध्ये आहेत.

पैपैचा_हिशेब: बरं, राउंड करा. जावास्क्रिप्टमध्ये १.००५ ला १०० ने गुणून राउंड करा, १०१ नाही, १०० येतात. आता शेपूट कोणी छाटली?

जुना_खोडरबर: हा मुद्दा मान्य. पण असा अर्धा पैसा रोज कुठे भेटतो?

तिसरा_दशांश: जीएसटीत भेटतो की. ३३.५० च्या तीन वस्तू, ९ टक्के सीजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा वाटा). प्रत्येकीवर ३.०१५, म्हणजे ३.०२, तिन्ही मिळून ९.०६. एकूण १००.५० वर काढा, ९.०४५ म्हणजे ९.०५. गंमत म्हणजे इथे फ्लोटचा काही संबंधच नाही, कागदावरही हाच फरक येतो. राउंड ओळीवर करायचं की बेरजेवर, हे आधी अकाउंटंटला विचारा, मग संख्या कोणत्या टाइपमध्ये (प्रकारात) साठवायची यावरून भांडा. आणि ‘सगळं पैशांत, इंटिजरमध्ये’ म्हणणाऱ्यांनी म्युच्युअल फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) बघावी, बऱ्याचदा चार दशांश असतात. तिथे पैसा हे एकक पुरत नाही. डेटाबेसमध्ये न्यूमेरिक, कोडमध्ये डेसिमल, हे प्रकार दशांश आकडे जसेच्या तसे ठेवतात. फक्त जावा भाषेतल्या डेसिमलला, म्हणजे बिगडेसिमलला, ०.१ अवतरणचिन्हांत (स्ट्रिंग, म्हणजे मजकूर म्हणून) द्या, नाहीतर फ्लोटची घाण आत घेऊनच तो जन्माला येतो.

जुना_खोडरबर: ग्राफ, अंदाज, टक्केवारी यांना मी तरी फ्लोटच वापरणार. बिलाला नाही, चला.

पैपैचा_हिशेब: दर आता स्ट्रिंगमधून डेसिमलमध्ये घेतोय. पण सात महिन्यांचे ५०४० रुपये कमी आलेत. काका म्हणतायत, पुढच्या बिलात थकबाकी म्हणून लाव. फ्लॅटमागे ४२ रुपये. सभेत उभं राहून हे सांगायचं मलाच आहे.