कॉट बेसिस की पाचगावचा फ्लॅट? कोल्हापुरात स्वस्तात राहायचं कसं (टोपणनावांनी चाललेली चर्चा)

रंकाळाकाठ: बाहेरगावच्या पोरांनी राजारामपुरीत कॉट बेसिसला (खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं) पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत. चौघांनी मिळून शहरालगतच्या पाचगाव किंवा आर. के. नगरला दोन खोल्या-किचन घ्यावं. समजा भाडं ८,००० आणि डिपॉझिट २५,०००, तर माणशी २,००० पडतात. भाकरी जमत नसेल तर भात-आमटी घरी, बाकी डबा लावायचा. गेट बंद व्हायची भीती नाही.

सायबर चौक: हिशेब कागदावर झकास आहे भावा. पण चौघांतला एक दिवाळीत सोडून गेला की तिघांवर माणशी २,६६७ येतात, आणि डिपॉझिटमधला त्याचा वाटा कुणी द्यायचा यावरून दोस्ती तुटते. करार ११ महिन्यांचा, पोरं मात्र परीक्षा संपली की गावाकडं. कॉट बेसिसला महिनाभर आधी सांगून सुटता येतं. पहिलं वर्ष कॉट, माणसं कळली की दुसऱ्या वर्षी फ्लॅट. उलटं करू नका.

अकरा महिने: दोघांनीही कराराचा मुद्दा सोडला. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. पाचगाव हद्दीबाहेर आहे, म्हणजे तिथं ५००. एवढ्यासाठी "नोटरीवर भागवू" म्हणणाऱ्याला डिपॉझिट देऊ नका. करारात चौघांचीही नावं घाला, आणि एक गेला तर त्याच्या जागी दुसरा आणायची मुभा लिहून घ्या. सायबर चौक म्हणतोय ते निम्मं भांडण तिथंच मिटतं. लाइटला सबमीटर (मालकाच्या मीटरवरून जोडलेला वेगळा मीटर) असेल तर युनिटचा दर लिहून घ्या आणि पहिल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा.

पेठकर: १९०१ पासून शाहू महाराजांनी या गावात जातीजातीची वसतिगृहं उभी केली, आणि तुम्ही सबमीटर मोजताय! दसरा चौकाच्या आसपास फिरा, बोर्डिंगं अजून चालू आहेत. प्रत्येकाचे नियम वेगळे, त्यामुळं निकाल लागायच्या आधीच जाऊन चौकशी करा. विद्यापीठात 'कमवा व शिका', म्हणजे काम करून शिकायची योजना, आहेच. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याला स्वाधार योजना: इथल्या महापालिका क्षेत्रात वर्षाला ५१,०००, त्यातले १५,००० निवासाचे.

सायबर चौक: स्वाधारचे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाहीत. त्याच्या भरवशावर डिपॉझिट कबूल करू नका, एवढंच.

सुतारमाळ: भाडं कमी का आहे हे आधी विचारा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात होता, २०२१ ला पुन्हा पूर. तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तर भिंतीवर पाण्याची रेघ बघा; नवा रंग फक्त कमरेपर्यंत असेल तर उत्तर मिळालं. पूर नसलेल्या भागालाही झळ बसते, कारण उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद. बोअर आहे का, टाकी किती लिटरची, हे मालकाला नको, शेजारणीला विचारा.

रंकाळाकाठ: पूर मान्य. पण म्हणूनच तर पाचगाव म्हणतोय, उंचावर आहे.

सुतारमाळ: उंचावर आहे, पण नळाचं पाणी वर चढत नाही. एप्रिलात टँकर येतो का, तेही विचारा.

दर्शनाला येणार: दोन दिवस अंबाबाईला यायचंय. धर्मशाळा की लॉज?

पेठकर: मंदिराजवळच्या धर्मशाळा, भक्तनिवास स्वस्त, पण मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्रात जागा धरून ठेवलेली बरी. चादर-टॉवेल सोबत आणा.

अकरा महिने: लॉज घेणार असाल तर आधी विचारा, हिशेब चोवीस तासांचा की दुपारी १२ चा. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी पोचते. बाराच्या हिशेबात आंघोळीपुरती खोली घेतली तरी एक दिवस लागतो, आणि दुपारनंतर दुसरा सुरू. तसं असेल तर सामान ठेवून नुसती आंघोळ करता येईल अशी जागा बघा, खोली बारानंतर घ्या.